नाशिकमध्ये कुष्ठरोगाच्या इतिहासाचं छोटं संग्रहालय: काय मांडावं, कसं जपावं

गंगाघाट
नमस्कार मंडळी. नाशिकमधल्या एका विश्वस्त संस्थेच्या जुन्या कुष्ठरोग दवाखान्यातल्या दोन खोल्या संग्रहालयासाठी मिळत आहेत. एक १२ बाय १८ फूट, दुसरी १० बाय १२. दोन्ही तळमजल्यावर, दगडी भिंती, चुन्याचा गिलावा, वर मंगलोरी कौलं. सामान असं आहे: रुग्ण नोंदणीची रजिस्टरं, काही मोडीत लिहिलेल्या हिशेबवह्या, रुग्णपत्रिकांचे गठ्ठे, फोटो, काचेच्या सिरिंजा, सूक्ष्मदर्शक, स्लाइडच्या लाकडी पेट्या, एमसीआरच्या (मऊ रबराच्या) चपला, प्लास्टरचे हातापायांचे साचे, एमडीटीची (बहुविध औषधोपचाराची) पाकिटं, एका बाटलीत तळाशी साकळलेलं तेल आणि काही बिया. बाटलीवर 'चालमुग्रा' अशी चिठ्ठी आहे.
तीन प्रश्न. सुरुवात कशापासून करायची? काय मांडायचं आणि काय आत ठेवायचं? आणि ही मांडणी बघायला आलेल्या माणसाने 'बापरे' म्हणून बाहेर पडू नये, यासाठी काय करावं?

दप्तरदार
आधी काहीही पुसू नका, धुऊ नका, वेगळं करू नका. कुठली वस्तू कुठल्या कपाटात, कशाच्या शेजारी होती हीसुद्धा माहितीच आहे. जागेवरच फोटो काढा, मग प्रत्येक वस्तूला क्रमांक द्या. क्रमांक वस्तूवर चिकटवू नका. सुती दोऱ्याने कागदी चिठ्ठी बांधा. रजिस्टरवर लिहायचं तर पहिल्या कोऱ्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात मऊ पेन्सिलीने लिहा. बॉलपेन आणि स्टिकर दोन्ही कायमचे डाग सोडतात.
नोंदवहीत इतके रकाने पुरेत: क्रमांक, वस्तू, माप, स्थिती, कुठून आली, कुणी दिली, कोणत्या अटीवर दिली. शेवटचा रकाना लोक गाळतात आणि दहा वर्षांनी देणाऱ्याचा नातू वस्तू परत मागायला आला की अडचण होते. देणगी की उसनवार, हे सही घेऊन लिहा.
रजिस्टरांपैकी काही सरकारी कुष्ठरोग पथकाची असतील तर ती संस्थेची मालमत्ता नाही. महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, २००५ लक्षात घ्या आणि संबंधित कार्यालयाकडून लेखी परवानगी घ्या. परवानगी येईपर्यंत ती मांडू नका, स्कॅनही करू नका.
जागेबद्दल: दवाखाना गंगेपासून, म्हणजे गोदावरीपासून किती लांब आहे? पूर आला की नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठपर्यंत पाणी चढलं ते नाशिककर बघतात, सराफ बाजार आणि भांडी बाजारात पाणी शिरतं. पूररेषेच्या आत असाल तर कागद वरच्या मजल्यावर हवेत. बाहेर असाल तरी सगळ्यात खालचा कप्पा जमिनीपासून किमान १५ सेंटिमीटर वर ठेवा, आणि कपाट दगडी भिंतीपासून हातभर पुढे. चुन्याच्या भिंतीत पाणी खालून चढतं. त्यावर सिमेंटचा गिलावा किंवा ऑइलपेंट मारला की ओल आत कोंडते आणि आणखी वर जाते. चुन्यावर चुनाच मारा.

मोडीवाचक
हिशेबवह्या मोडीत आहेत हे चांगलंच. त्यात धान्य, तेल, फडकी, कंदील, भिंतीला लावलेला चुना असा खर्च सापडतो, आणि दवाखाना कसा चालत होता हे त्यातून कुठल्याही अहवालापेक्षा जास्त कळतं. शाई तपकिरी दिसत असेल आणि अक्षरांच्या जागी कागद चिरला असेल तर ती लोहयुक्त शाई आहे. त्या पानांना पाणी, ओला गोंद, वाफ काहीही लावायचं नाही. आणि सेलोटेप किंवा लॅमिनेशन कुणी 'मदत म्हणून' करून देत असेल तर त्याला नम्रपणे थांबवा. टेपचा चिकटा कागदात मुरतो, लॅमिनेशन तर परत उलगडता येत नाही.
आता काय मांडायचं. मोठ्या खोलीत उपचार आणि कायदा असे दोन पट्टे समोरासमोर ठेवा, असं सुचवतो. एकीकडे औषध पुढे सरकतंय आणि समोर कायदा तिथेच थांबलाय, हे बघणाऱ्याला उभ्या जागी दिसलं पाहिजे.
उपचाराचा पट्टा तुमच्या त्या चालमुग्राच्या बाटलीपासूनच, म्हणजे कुष्ठरोगावरच्या जुन्या तेलापासूनच सुरू होतो. सुश्रुताने सांगितलेला तुवरक म्हणजे याच कुळातलं झाड, आपल्या सह्याद्रीत आणि कोकणात कडू कवठ म्हणतात ते. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी एकोणिसाव्या शतकात मुंबईत कुष्ठरोगावर याच तेलाचे प्रयोग केले. १८७३ मध्ये नॉर्वेतल्या बर्गन इथे डॉ. हॅन्सन यांना कुष्ठरोगाचा जंतू दिसला. १९४० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कारव्हिलमध्ये प्रोमिन हे औषध वापरलं गेलं, त्याच दशकात डॉ. रॉबर्ट कॉक्रेन यांनी आपल्याकडे तामिळनाडूत चिंगलपेटला डॅप्सोन हे औषध वापरायला सुरुवात केली. १९६४ मध्ये डॅप्सोनला न जुमानणारे जंतू असल्याचं सिद्ध झालं. १९८१-८२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बहुविध औषधोपचार सुचवला, आणि १९८३ पासून आपला राष्ट्रीय कुष्ठरोग कार्यक्रम 'नियंत्रण' सोडून 'निर्मूलन' म्हणू लागला.
समोरचा पट्टा १८९८ च्या लेपर्स ॲक्टचा. या कायद्याने निराधार रुग्णाला वॉरंटशिवाय पकडता येई आणि आश्रमात डांबता येई. सरकारला ठरावीक भागात रुग्णांनी खाद्यपदार्थ विकण्यावर, सार्वजनिक विहिरीवर किंवा तळ्यावर आंघोळ करण्यावर, पाणी भरण्यावर बंदी घालता येई. नाशिकसारख्या तीर्थाच्या गावात याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही. हा कायदा केंद्राने रद्द केला २०१६ मध्ये. आणि कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून पाच वैयक्तिक कायद्यांतून गेलं २०१९ मध्ये. म्हणजे रोग हमखास बरा करणारी औषधं हातात आल्यावर तीन दशकांहून जास्त काळानंतर. २०१६ आणि २०१९ ही दोन सालं मोठ्या अक्षरात लावा.

भिंग
तेलाची बाटली उघडू नका. जुनं तेल हवेने घट्ट आणि खवट होतं, बूच काढलं की चिठ्ठीवर ओघळतं आणि अक्षर जातं. बाटली उभीच ठेवा, खाली काचेची बशी द्या. बियांची गोष्ट वेगळी. त्यात कीड असू शकते आणि तीच कीड रजिस्टरांच्या बांधणीत जाते. बिया पॉलिथिनच्या पिशवीत घालून हवा काढा, तोंड बंद करा, घरगुती डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर २४ तास पिशवी उघडायची नाही, नाहीतर बाहेरची दमट हवा थंड बियांवर पाणी होऊन बसते. स्लाइड, फोटो, रबर आणि कॅप्सूल यांना हा उपाय करायचा नाही.
स्लाइड: त्यांवर बऱ्याचदा हिऱ्याच्या पेन्सिलीने रुग्णाचं नाव किंवा क्रमांक कोरलेला असतो. नाव असलेली स्लाइड मांडू नका. रंगवलेल्या स्मिअरचा (काचेवर पसरलेल्या नमुन्याचा) गुलाबी रंग उजेडात उडतो, म्हणून पेटी बंदच ठेवा आणि सूक्ष्मदर्शकाखालचं दृश्य छापील फोटोतून दाखवा.
चाचणी कशी होई ते मात्र पायरीपायरीने दाखवा, कारण लोकांना वाटतं चट्टा बघून निदान व्हायचं. कानाची पाळी किंवा चट्ट्याची कड चिमटीत घट्ट धरायची, रक्त मागे गेलं पाहिजे. १५ नंबरच्या पात्याने सुमारे ५ मिलिमीटर लांब आणि २ ते ३ मिलिमीटर खोल छेद. पातं काटकोनात फिरवून आतला द्रव खरवडायचा, स्लाइडवर वाटाण्याएवढा गोल पसरायचा, ज्योतीवरून फिरवून पक्का करायचा. मग कार्बोल फुक्सिन हा लाल रंग ओतून खालून वाफ येईपर्यंत गरम, उकळू द्यायचं नाही. आम्लाने रंग धुवायचा, शेवटी मिथिलीन ब्लू. निळ्या पार्श्वभूमीवर लाल काड्या. जंतूंची मोजणी ० ते ६ अशा श्रेणीत. चिमूट सैल राहिली की रक्त मिसळतं आणि स्मिअर वाया जातो. रंग उकळला की स्लाइडवर कण साचतात आणि नवशिका त्यांनाच जंतू समजतो. हे लिहिलंत तर बघणाऱ्याला त्या कामातलं कौशल्य कळेल.
आणखी एक, हा जंतू आजही कृत्रिम माध्यमात वाढवता येत नाही. १९६० मध्ये उंदराच्या तळपायात तो वाढवता येऊ लागला, तेव्हा कुठे औषधं नीट तपासता आली. औषध यायला इतका वेळ का लागला, याचं अर्धं उत्तर इथे आहे.

सातपूरकर
एक रोखठोक प्रश्न. आसपासचे लोक विचारणारच म्हणून आधीच विचारतो. त्या चपला, सिरिंजा, फडकी यांतून लागण होऊ शकते का?

भिंग
नाही. शरीराबाहेर हा जंतू दिवस, फार तर काही आठवडे टिकतो. दशकानुदशकं कपाटात पडलेल्या वस्तूत तो जिवंत असण्याचा प्रश्नच नाही. रोग पसरतो तो उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या श्वासमार्गातून, दीर्घ सहवासाने, आणि बहुतेक माणसांची प्रतिकारशक्ती त्याला पुरून उरते.
खरा धोका दुसऱ्याच गोष्टींचा आहे: रजिस्टरांवरची बुरशी, जुन्या सुया, रक्तदाबाच्या यंत्रातला पारा आणि कपाटात कधीतरी मारलेली कीटकनाशक पावडर. काम करताना नायट्राइलचे हातमोजे आणि एन-९५ मास्क घाला. पारा सांडलेला दिसला तर झाडू किंवा व्हॅक्यूम नको, त्याने तो हवेत पसरतो. कडक कागदाने थेंब गोळा करा, झाकणाच्या बाटलीत ठेवा, घातक कचरा उचलणाऱ्या अधिकृत संस्थेला द्या. पण 'कुष्ठरोगाच्या वस्तू आहेत' म्हणून हातमोजे घातलेले फोटो बाहेर जाऊ देऊ नका. कारण खाली लिहा, किंवा फोटोच नको.

मऊ तळवा
चपलांबद्दल सविस्तर लिहिते, कारण बहुतेक ठिकाणी त्या 'रुग्णांची पादत्राणे' अशी एक ओळ लावून संपवतात.
या चपलेत तीन गोष्टी एकत्र काम करतात. वर मऊ एमसीआर, म्हणजे बारीक पोकळ्यांचं रबर, साधारण १० मिलिमीटर जाड, कडकपणा सुमारे १५ शोअर. खाली टायरचा किंवा कडक रबराचा तळ, काटा आणि काच आत येऊ नये म्हणून. आणि टाचेमागे पट्टा, कारण पाय बधिर असला की चप्पल निसटलेली कळतच नाही. खिळा एकही नाही. सगळं सोल्युशनने चिकटवलेलं आणि शिवलेलं. साध्या चपलेचा खिळा झिजून वर आला तर आपण ओरडतो. बधिर तळव्याचा माणूस त्याच खिळ्यावर दिवसभर चालतो आणि संध्याकाळी रक्त बघतो. जखम रोगाने होत नाही, दुखत नाही म्हणून होते. एवढं एक वाक्य मुलांच्या डोक्यात बसलं तरी चपलेचं काम झालं.
कारागीर एमसीआर कसं पारखतात तेही लिहा: अंगठा आणि तर्जनीत दाबायचं, जाडी साधारण निम्मी झाली पाहिजे. अजिबात दबलं नाही तर कडक. बोटं एकमेकांना टेकल्यासारखी वाटली तर इतकं मऊ की महिन्यात बसणार. बोटांच्या मुळाशी असलेल्या हाडांखाली दाब सगळ्यात जास्त येतो आणि व्रण तिथेच होतो.
जुनी चप्पल कापून आतले थर दाखवायचा मोह होईल, तो टाळा. एमसीआरचा नवा तुकडा आणून नवा नमुना बनवून घ्या, तोच कापा, तोच हाताळायला ठेवा. मूळ जोड काचेत. आणि इथे धोक्याची सूचना: रबरातून गंधकाचे वायू निघतात. बंद काचपेटीत चपलेशेजारी चांदीचं पदक किंवा जुने कृष्णधवल फोटो ठेवलेत तर पदक काळं पडेल, फोटो पिवळे पडतील. रबराला स्वतंत्र पेटी, थोडी हवेशीर, उजेड कमी.
या चपलेचा आणखी एक इतिहास आहे. ती सगळीकडे एकाच काळ्या साच्याची असायची, त्यामुळे पायावरूनच माणूस ओळखला जाई. पाय वाचवणारी चप्पल लोक घरी ठेवून अनवाणी जात. नंतरच्या जोडांत बाजारातल्यासारखी चामड्याची वरची बाजू आणि बकलऐवजी वेल्क्रो आला, वाकड्या बोटांना बकल लावता येत नाही म्हणून. जुना आणि नवा जोड शेजारी ठेवा.

पंचवटीची लेक
साच्यांबद्दल कुणीच बोललं नाही. प्लास्टरचे वाकडे हात आणि जखमी पाय मांडावे का? माझं मत: नाही. आणि चेहऱ्यांचे फोटो तर मुळीच नाहीत.

मोडीवाचक
ताई, फोटोंबद्दल पूर्ण सहमत. साच्यांबद्दल थोडा वेगळा विचार आहे. शस्त्रक्रियेआधीचा आणि नंतरचा असे जोडीने साचे असतील तर ते शल्यचिकित्सेचा पुरावा आहेत. वेल्लोरला शल्यचिकित्सक पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या शेवटी स्नायुबंध बदलून बोटं सरळ करण्याचं काम सुरू केलं, त्याआधी असा हात कायमचा गेलाच असं समजत. जोडी दाखवली तर हात परत कामाला लागला हे दिसतं.

मऊ तळवा
जोडी असेल तरच, आणि शेजारी त्या हाताने केलेलं काम असेल तरच. एकटा साचा नको. त्याऐवजी साधनं मांडा: जाड मुठीचा चमचा, रेझिनमध्ये हाताच्या ठशाप्रमाणे बसवलेली खुरप्याची मूठ, गरम पेल्याभोवतीचं लाकडी कवच, पीव्हीसी पाइप कापून केलेली बोटाची पट्टी. हात तिथे नसतो, पण मुठीच्या आकारावरून तो समजतो, आणि काय करत होता तेही.
छोट्या खोलीत पायाच्या निगेचा कोपरा ठेवता येईल: घमेलं, खरबरीत दगड, खोबरेल. साध्या पाण्यात २० मिनिटं पाय, जाड कातडी दगडाने हलकेच घासणं, पाणी निथळलं की ओलसर असतानाच तेल. गरम पाणी कधीच नाही, बधिर पायाला चटका कळत नाही. मधुमेहाने पाय बधिर झालेले लोक आज घरोघरी आहेत. त्यांना हा कोपरा सगळ्यात जास्त उपयोगी पडेल.

पंचवटीची लेक
जोडी आणि काम, या अटीवर मान्य. मग नावांचं काय? रुग्णपत्रिकांवर गाव, जात, बायकोचं नाव, सगळं आहे.

दप्तरदार
रुग्णपत्रिका मांडायच्याच नाहीत. कोरा छापील नमुना सापडला तर तो मांडा, नाहीतर एका पत्रिकेची नक्कल करून नाव, गाव, नातेवाईक, जात आणि नोंदणी क्रमांक झाका. नुसतं नाव झाकून भागत नाही. छोट्या गावात 'सुतार, वय ३२, १९६१' एवढ्यावर घर ओळखू येतं आणि नातीचं लग्न अडतं. काळ्या मार्करने झाकलेलं मागून उजेड धरला की वाचता येतं, म्हणून स्कॅनवर झाकून नव्याने छापा. मूळ पत्रिका कुलपात, किल्ल्या दोघांकडे, कोण कधी बघून गेला याची वही. मी म्हणेन, रुग्णाच्या जन्मापासून १०० वर्षं होईपर्यंत नावासकट कुणालाच नाही. अपवाद फक्त स्वतः रुग्ण किंवा वारस लेखी मागत असेल तर.
तोंडी आठवणी ध्वनिमुद्रित करणार असाल तर संमती दोनदा घ्या. एकदा बोलण्याआधी, दुसऱ्यांदा मजकूर वाचून दाखवल्यावर. बऱ्याच जणांना बोलून झाल्यावर कळतं की आपण मुलाच्या नोकरीचं ठिकाण सांगून बसलो. माघार घ्यायची मुभा कागदावर लिहा आणि तो कागद त्यांच्याकडेही राहू द्या. सही जमत नसेल तर अंगठा. अंगठ्याचा ठसा उमटत नसेल तर बोललेली संमती मुद्रित करा. या लोकांच्या बाबतीत हे वारंवार होतं, त्याची तयारी आधीपासून हवी.

सातपूरकर
पाट्यांवर शब्द कोणता? आमच्या भागात अजून 'महारोगी' आणि 'रक्तपिती' म्हणतात.

मोडीवाचक
संग्रहालयाच्या आवाजात 'कुष्ठरोगाने बाधित व्यक्ती', किंवा सरळ 'माणूस', 'सुतार', 'आई', जे ती व्यक्ती होती ते. जुन्या कागदात, संस्थेच्या नावात 'महारोगी' असेल तर तसंच राहू द्या, बदलणं म्हणजे इतिहास खोडणं. मनोहरजी दिवाणांनी १९३६ मध्ये वर्ध्याजवळ दत्तपूरला काम सुरू केलं त्या संस्थेचं नाव महारोगी सेवा समिती, आणि बाबा आमट्यांच्या वरोऱ्याच्या संस्थेचंही तेच. अमरावतीचं तपोवन चालवणारं विदर्भ महारोगी सेवा मंडळ. दाराशीच एक पाटी लावा: हा शब्द तेव्हाचा आहे, आम्ही वापरत नाही. आणि कोड म्हणजे कुष्ठ नव्हे हेही तिथेच लिहा. पांढऱ्या कोडाच्या डागाला संवेदना असते, कुष्ठाच्या चट्ट्याला बहुधा नसते.
मांडणी ठरवण्याआधी मुंबईत वडाळ्याच्या ॲक्वर्थ रुग्णालयातलं संग्रहालय सगळ्यांनी मिळून बघून या. १८९० मध्ये मुंबईचे पालिका आयुक्त ॲक्वर्थ यांच्या पुढाकाराने हा आश्रम उभा राहिला. शाळिग्रामांच्या बरोबरीने मराठी पोवाडे गोळा करणारे ॲक्वर्थ ते हेच. दोन्ही कामं एकाच माणसाची, हे फार थोड्यांना माहीत असतं.

भिंग
एमडीटीची पाकिटं राहिली. मोठ्यांसाठीचं लाल पाकीट बहुजंतू प्रकाराचं, हिरवं अल्पजंतूचं, प्रत्येक २८ दिवसांचं. लाल पाकिटात पहिल्या दिवशी आरोग्य कर्मचाऱ्यासमोर गिळायचे रिफाम्पिसिन ६०० आणि क्लोफाझिमिन ३०० मिलिग्रॅम, सोबत डॅप्सोन १००. नंतर रोज घरी डॅप्सोन १०० आणि क्लोफाझिमिन ५०. आधी हा उपचार २४ महिने चाले, पुढे १२ वर आला. क्लोफाझिमिनने कातडी तांबूस-काळपट होते, औषध थांबल्यावर हळूहळू निवळते. चट्टा लपवता येई, हा रंग लपवता येत नसे, आणि काहीजण त्यामुळेच औषध सोडत. पाटीवर हे यायला हवं.
मांडायला रिकामी पाकिटं घ्या. भरलेल्या पाकिटातल्या जिलेटिनच्या कॅप्सूल नाशिकच्या पावसाळ्यात मऊ होतात आणि लाल तेलकट डाग पुठ्ठ्यावर उतरतो. शिवाय मुदत संपलेलं औषध लोकांच्या हाताशी ठेवणं बरोबर नाही. भरलेली जास्तीची पाकिटं जिल्हा कुष्ठरोग कार्यालयाला कळवून त्यांच्याकडे द्या.

गंगाघाट
सगळ्यांचे मनापासून आभार. ठरलं ते असं: मोठ्या खोलीत समोरासमोर दोन पट्टे. लहान खोलीत चपला, साधनं आणि पायाच्या निगेचा कोपरा. साचे सध्या कपाटात, जोड्या जुळतात का बघून मग. फोटोंपैकी इमारती, कार्यशाळा आणि पाठमोऱ्या माणसांचेच.
३० जानेवारीला उघडायचा विचार आहे, कारण तेव्हापासून कुष्ठरोग जनजागृतीचा स्पर्श पंधरवडा असतो आणि शाळा येतील. उजेड आणि दमटपणाचं सांगा.

दप्तरदार
कागद आणि फोटोंवर ५० लक्सच्या (लक्स म्हणजे उजेडाचं माप) वर उजेड नको. रोज ८ तास, वर्षाला ३०० दिवस धरले तर ते १,२०,००० लक्स-तास होतात. मूळ पान तीन महिने मांडायचं, मग उलटायचं किंवा नक्कल लावायची. खिडकीला आतून खादीचा जाड पडदा. पिवळसर एलईडी पेटीच्या बाहेर, आत दिवा तापला की कागद वाकतो.
आर्द्रता ४५ ते ५५ टक्के हे पुस्तकातलं झालं. नाशिकमध्ये मे महिन्यात हवा कोरडी ठणठणीत आणि जुलैत भिंतीला पाणी. ४० ते ६० मध्ये राहिलं आणि एका दिवसात मोठा झोका बसला नाही तरी चांगलं. दर ६० मिनिटांनी आर्द्रतेची नोंद करणारे दोन साधे डेटा लॉगर आत्ताच आणा, एक खोलीत, एक पेटीत. काचपेटीत सिलिका जेल घनमीटरला २० किलो हा ढोबळ हिशेब, म्हणजे ६० बाय ४५ बाय ३० सेंटिमीटरच्या पेटीला साधारण १.६ किलो. नारिंगी घ्या, निळ्यात कोबाल्ट असतं, ते अपायकारक. डांबरगोळ्या कपाटात नकोत.
३० जानेवारीची हवा कोरडी असते, सगळं छान दिसेल. पेट्या खऱ्या तपासल्या जातील त्या जुलैत. म्हणून पहिल्या पावसाळ्यात मूळ रजिस्टर एकही मांडू नका, सगळ्या नकला लावा, आणि सप्टेंबरअखेर लॉगरचे आकडे इथे टाका. त्यावरून ठरवू.